मेलेल्या मेंढराला मदत, जळालेल्या कुरणाला काय?

(चाकण भागांतील एका गांवीं चावडीपुढें जमलेल्या शेतकरी, मेंढपाळ व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आज येथें कुणबी आहेत, माळी आहेत, धनगर आहेत. सुतार, लोहार, चांभार, कुंभार आहेत. ज्यांच्या नांवावर सातबारा आहे ते आहेत, आणि ज्यांच्या नांवावर एक गुंठाही नाहीं तेही आहेत. परंतु बहुतेकांच्या दारीं खुंट्याला कांहींतरी बांधलेलें आहे. कोणाची बैलजोडी, कोणाची एक म्हैस, कोणाच्या चार शेळ्या, कोणाचा शंभर मेंढरांचा वाडा. म्हणून आजचा विषय सर्वांच्या घरचा आहे. पाऊस पडला नाहीं, किंवा भलत्या वेळीं पडला, आणि गुरांचें चरणें बुडालें, तर सरकार काय देतें, व काय द्यावयास पाहिजे, एवढेंच आज बोलावयाचें आहे.

शाळेंत फळ्यावर हिशेब मांडतों तसा हा हिशेब मांडूं. सरकारी मदतीच्या कागदाला तीन मोठे रकाने आहेत. पहिला पिकाचा: पेरलेलें नासलें तर हेक्टरी इतकें. दुसरा मेलेल्या जनावराचा: म्हैस मेली तर इतकें, मेंढी मेली तर इतकें. तिसरा छावणीचा: दुष्काळ जाहीर होऊन छावणी उघडली, तर तेथें बांधलेल्या जनावरामागें दररोज इतकें. आतां ज्याला शेत नाहीं, ज्याचें जनावर अजून मेलेलें नाहीं, आणि ज्याच्या तालुक्यांत छावणी नाहीं, त्यानें आपलें नांव कोणत्या रकान्यांत लिहावें? त्याच्या मेंढरांच्या तोंडची काडी गेली, हें नुकसान लिहावयास त्या कागदावर जागाच नाहीं.

कोणी म्हणेल, गवत तें काय! देवानें उगविलें, देवानें नेलें. त्याची कसली भरपाई? त्यास आमचें उत्तर असें. ज्या दिवशीं मेंढरूं रानांत चरतें, त्या दिवशीं धन्याला खर्च फक्त पायांचा. ज्या दिवशीं चरणें बंद, त्या दिवशीं कडबा, भुसा, पेंड विकत आणावी लागते. या खर्चाची किंमत सरकारनें स्वतःच ठरविली आहे. २०२२ ते २०२६ या मुदतीसाठीं केंद्र सरकारनें आपत्ती मदतीचे जे दर बांधून दिले, त्यांत छावणींतील मोठ्या जनावरास दररोज ८० रुपये व लहान जनावरास ४५ रुपये धरले आहेत. म्हणजे सरकारच्याच हिशेबानें, गवत बुडालें तर एक म्हैस चार महिन्यांत ९,६०० रुपये खाते. छावणींत बांधली तर हा खर्च मान्य होतो. तीच म्हैस तुमच्या गोठ्यांत उपाशी उभी राहिली तर तो खर्च कोणाला दिसत नाहीं.

आणि हें नुकसान एकट्या गुराख्याचें आहे काय? मेंढरें विकलीं गेलीं कीं लोकर गेली, आणि लोकर गेली कीं सणगराचा घोंगडीचा माग थांबला. बैल गेले कीं सुताराचें औत, लोहाराचा फाळ, नालबंदाची पत्री सगळें गेलें. ज्या शेतकऱ्याच्या वावरांत खतासाठीं मेंढरें बसत होतीं, त्याला खताच्या गोण्या विकत घ्याव्या लागल्या. गवताची काडी एक, पण तिच्यावर गांवाचे किती हात पोसले जातात हें ध्यानांत घ्या.

आतां आपल्याच भागाचा दाखला घेऊं. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि गार वारा सुटला. जुन्नर, आंबेगांव, खेड, शिरूर या तालुक्यांत उघड्या रानांत उतरलेल्या वाड्यांवर शेंकडों मेंढरें गारठून मेलीं. पंचनामे झाले, मेलेल्या मेंढरांची मोजदाद झाली, मदतीचें बोलणें झालें. हें योग्यच झालें. पण जीं मेंढरें वांचलीं, त्यांनीं पुढचे दिवस काय खाल्लें? भिजलेलें, चिखलांत तुडवलेलें रान त्यांच्या वांट्याला आलें. तो रकाना कोऱ्याचा कोराच राहिला.

मेलेल्या जनावराचे दर तरी कसे आहेत तें पाहा. आतां सांगितलेल्या केंद्राच्या दरांत गाय-म्हशीस ३७,५०० रुपये, बैलास ३२,००० रुपये आणि शेळी-मेंढीस ४,००० रुपये. त्यांतही मर्यादा: मोठीं दुधाचीं जनावरें तीनच, आणि शेळ्यामेंढ्या तीसच. शंभरांचा वाडा मेला तरी तीसच मोजावयाच्या! आतां तीच मेंढी बिबट्यानें नेली तर? राज्याच्या वनखात्यानें २०२२ सालीं ठरविलेल्या नियमाप्रमाणें बाजारभावाच्या तीन चतुर्थांश किंवा १५,००० रुपये, यांपैकीं जें कमी असेल तें. मेंढी तीच, धनी तोच, वाडा तोच. बिबट्यानें मारली तर १५,००० पर्यंत, आणि गारठ्यानें मारली तर ४,०००. बिबट्याच्या मदतींतला एक पैसाही कमी करा असें आम्ही म्हणत नाहीं. जुन्नर-खेडच्या मेंढपाळाला तो पैसा रक्ताच्या थेंबाइतका मोलाचा आहे. आमचा प्रश्न एवढाच कीं, एका जिवाच्या दोन किंमती कां?

या मर्यादा कांहीं देवानें लिहिलेल्या नाहींत. सप्टेंबर २०२५ च्या महापुरानंतर राज्य सरकारनें मदत जाहीर करतांना तीन जनावरांची अट काढून टाकली. लोकांनीं आवाज केला, नुकसान उघड्या डोळ्यांना दिसलें, आणि अट गेली. पुराचें पाणी दिसतें, म्हणून ती लवकर गेली. वाळलेलें कुरण मात्र रस्त्यानें मोटारींतून जाणाऱ्या साहेबाला दिसत नाहीं. तें दाखविणें आपलें काम आहे.

आपल्यांत म्हण आहे, बैल गेला आणि झोपा केला. जनावर मेल्यावर पैसे देणें ही त्यांतली गत. समजा, एका घरीं चाळीस मेंढरें आहेत. चैत्रांत रान करपलें. धन्यानें पंधरा मेंढरें पडत्या भावानें बाजारांत काढलीं, त्या पैशांतून पंचविसांना चारा आणला, आणि एकही मरूं दिलें नाहीं. या शहाण्या माणसाला सरकारी मदत किती? शून्य. मेलीं असतीं तर मदत होती, जगविलीं म्हणून नाहीं! जो धनी जनावर जगवितो त्याला कांहीं नाहीं, असा नियम कोणत्या घरांत चालेल?

छावण्यांविषयीं आम्ही वाईट बोलणार नाहीं. २०१२-१३ च्या दुष्काळांत सातारा, सांगली, सोलापूर, नगर, बीड या भागांत छावण्यांनीं लाखों जनावरें जगविलीं. २०१८ सालीं ३१ ऑक्टोबरला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि पुढच्या उन्हाळ्यांत पुन्हां छावण्या उघडल्या. मोठ्या जनावराचा दर आरंभीं ७० रुपये होता, तो ओरड झाल्यावर ९० व मग १०० रुपयांपर्यंत चढला. पण छावणीचा बेत गाय, बैल, म्हैस यांच्यासाठीं बसविलेला. शेळ्यामेंढ्यांसाठीं छावणी निघावी म्हणून २०१९ सालीं धनगर बांधवांना वेगळी मागणी करावी लागली. शिवाय मेंढरूं हें चालून चरणारें जनावर. त्याला महिनोन् महिने एका जागीं कोंडलें तर तें रोगानें जातें. आणि छावणींत घरचें एक माणूस अडकून पडतें तें वेगळेंच. बहुधा तें माणूस म्हणजे घरची बाई किंवा शाळेंतलें पोर.

पुढें २०२३ पाहा. त्या वर्षीं ३१ ऑक्टोबरला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आपल्या पुणें जिल्ह्यांतले पुरंदर, बारामती, शिरूर, दौंड व इंदापूर हे त्या यादींत होते. त्यासोबत आठ सवलती आल्या: जमीन महसुलांत सूट, पीककर्जाचें पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या वीजबिलांत साडेतेहेतीस टक्के सूट, मुलांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या कामांत सैलपणा, पाण्याचे टँकर, आणि पंपाची वीज न तोडणें. चांगल्या सवलती आहेत. पण एकेक बोट मोडून मोजा. महसूल ज्याला जमीन आहे त्याचा. पीककर्ज ज्याला सातबारा आहे त्याचें. पंप ज्याला विहीर आहे त्याचा. आठांत गवत कोठें आहे? ज्याची सारी दौलत चार पायांवर चालते, त्याला त्या आठांतून काय मिळालें? पोराची परीक्षा फी, टँकरचें पाणी आणि रोजगार हमीची कुदळ.

असें असलें तरी सरकारला गवताची किंमत कळतच नाहीं असें नव्हे. २०१९ पासून राज्यांत भटक्या जमाती क या वर्गांतील मेंढपाळ कुटुंबांसाठीं चराई अनुदान आहे. किमान वीस मेंढ्या व एक नर ज्याच्याकडे आहे, अशा फिरस्त्या कुटुंबाला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठीं दरमहा ६,००० प्रमाणें २४,००० रुपये देण्याची ती योजना. हे चार महिने कां? तर पावसाळ्यांत शेतें पिकांनीं भरलेलीं असतात, वावरांत मेंढरें घालतां येत नाहींत, आणि वनखात्याचीं रानें बंद असतात. म्हणजे चरण्याची जागा गेली तर मेंढपाळाला रोख पैसा द्यावा, हें तत्त्व सरकारनें लिहून कबूल केलें. आतां हिशेब करा. महिन्याला ६,००० म्हणजे दिवसाला २००. एकवीस जिवांमध्यें वांटले तर एकेकाला साडेनऊ रुपये. रक्कम लहान, पण तत्त्व मोठें. जें पावसाळ्यांत खरें, तें दुष्काळांत खोटें कसें होईल? आणि जें धनगराच्या मेंढीला खरें, तें रामोशाच्या, महाराच्या, मुसलमानाच्या शेळीला खरें कां नसावें? गवत कोणाची जात पाहून उगवत नाहीं.

जरा दूर देशाची गोष्ट ऐका. अमेरिकेंत मोठमोठ्या कुरणांवर गुरें पाळणारे लोक आहेत. त्यांच्यासाठीं २००८ च्या शेतीकायद्यांत एक योजना आली व २०१४ सालीं ती कायमची झाली. तिचें नांवच चारा-आपत्ती मदत असें आहे. त्या देशांत दर आठवड्याला दुष्काळाचा नकाशा निघतो. एखाद्या जिल्ह्यांत, गवत वाढण्याच्या दिवसांत, ठरलेल्या पायरीचा कडक दुष्काळ सलग आठ आठवडे राहिला, कीं कुरणवाल्याला एका महिन्याच्या चाऱ्याच्या खर्चाचे साठ टक्के मिळत. दुष्काळ त्याहून कडक झाला तर तीन, चार, पांच महिन्यांचेही. २०२५ सालीं पहिली अट सैल करून चार आठवड्यांवर आणली. तेथें जनावर मरावें लागत नाहीं, छावणींत बांधावें लागत नाहीं. नकाशा बोलला कीं हक्क उभा राहतो. मेलेल्या जनावरांसाठीं निराळी योजना आहेच.

मात्र ती योजना जशीच्या तशी उचलून आणा असें आम्ही म्हणत नाहीं. तेथें कुरण आपल्या मालकीचें किंवा भाडेपट्ट्याचें आहे हें कागदानें दाखवावें लागतें. आपला मेंढपाळ कोणता पट्टा दाखविणार? तो शेतकऱ्याच्या शब्दावर वावरांत उतरतो, गायरानांत चारतो, ओढ्याकांठीं चारतो. त्याचा पट्टा म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची वाट. म्हणून आपल्याकडे जमीन न मोजतां जनावर मोजावें, आणि जनावराच्या तोंडामागें पैसा द्यावा.

आतां आपल्या चाकण-पिंपरीकडे येऊं. गवताचें दुःख आजचें नाहीं. १८७८ सालीं जंगलाचा कायदा झाला, आणि डोंगरमाथ्यांवरचीं मोकळीं रानें वनखात्याच्या कुंपणांत गेलीं. लहान शेतकऱ्याच्या गुरांचें चरणें त्यामुळें कसें बुडालें, हें महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं शेतकऱ्याचा असूड लिहितांना स्पष्ट मांडलें आहे. त्यानंतर पिंपरीस १९५४ च्या सुमारास पेनिसिलीनचा सरकारी कारखाना आला, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि माळरानांवर शेड उभ्या राहिल्या. चासकमान, भामा आसखेड हीं धरणें झालीं. नव्वदीनंतर चाकणची पाळी आली. १९९९ सालीं बजाज, २००९ सालीं फोक्सवागन. महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, सावरदरी, भांबोली, वराळे या गांवांचीं शिवारें ओळखूं येईनाशीं झालीं. कारखान्यांनीं पोरांना काम दिलें, घरांवर स्लॅब पडले, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ज्याची जमीन गेली त्याला मोबदला मिळाला. ज्याच्या गुरांचें चरणें गेलें त्याला काय मिळालें? सातबाऱ्यावर त्याचें नांवच नव्हतें. पावसानें गवत बुडालें तर निदान पुढच्या वर्षीं उगवेल. सिमेंटखालीं गेलेलें गवत कोणत्या मृगांत उगवणार?

म्हणून आहे तें गायरान जपलें पाहिजे. जमीन महसूल कायदा १९६६, कलम २२ प्रमाणें मोफत चराईसाठीं राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवांचून दुसऱ्या कामाला लावतां येत नाहीं. २८ जानेवारी २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गांवांच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटविण्यास सर्व राज्यांना सांगितलें. त्याच निकालांत भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमाती यांना सरकारनें रीतसर दिलेल्या जमिनी अपवाद म्हणून राखल्या आहेत, हें विसरूं नका. २०२२ सालीं मुंबई उच्च न्यायालयापुढें राज्यानें जे आंकडे ठेविले, त्यांत गायरान सुमारें ४ लाख ५२ हजार हेक्टर, आणि त्यावरील अतिक्रमण सुमारें १० हजार हेक्टर, म्हणजे शेंकडा सव्वादोन इतकें निघालें. तेव्हां चरणें कमी झालें म्हणून गायरानांत खोपट बांधून राहणाऱ्या गरिबावर धांवून जाऊं नका. १९६४-६५ सालीं दादासाहेब गायकवाडांनीं भूमिहीनांसाठीं सत्याग्रह केला, तो अशाच पडीक जमिनींसाठीं होता. मेंढरांचा धनी आणि भूमिहीन मजूर एकमेकांशीं भांडले, कीं तिसरा येऊन तारेचें कुंपण घालतो. गांवोगांव आधीं एवढेंच पाहा, कीं उरलेल्या शेंकडा पावणेअठ्ठ्याण्णव गायरानावर गवत आहे कीं दगड, खाणीचा खड्डा आणि कारखान्याचा राडारोडा.

आतां मागावयाचें काय, तें नीट पाठ करा.

पहिलें: मदतीच्या कागदांत गवताचा चौथा रकाना घाला. तालुका किंवा मंडळ दुष्काळी जाहीर झालें, कीं तेथील प्रत्येक चरणाऱ्या जनावरामागें ठरावीक दिवसांचा चाराखर्च धन्याच्या खात्यांत जमा व्हावा. छावणी असो वा नसो, जनावर जगो वा मरो.

दुसरें: वाडा जेथें उतरला असेल तेथेंच पंचनामा व तेथेंच अर्ज. पारनेरचा मेंढपाळ खेडच्या रानांत गारठला, तर त्याला आपल्या गांवच्या कचेरीपर्यंत हेलपाटे घालावयास लावूं नका.

तिसरें: गारठा, पूर, वीज, बिबट्या, कशानेंही मेंढी मेली तरी किंमत एकच धरा.

चौथें: गायरान सार्वजनिक कामाला घेतलेंच, तर तितकेंच दुसरें कुरण द्या, किंवा चारणाऱ्यांना दरवर्षीं भरपाई द्या.

पांचवें: खातें नवरा-बायकोच्या जोड नांवानें असावें. वाड्यावर कोंकरूं सांभाळते बाई, चारा कापते बाई. मग पैशाच्या वेळींच तिचें नांव कां गळावें?

मागणें सोपें, आतां आपलें काम. जनावरांच्या कानांत बारा आंकडी बिल्ला मारून घ्या. १ जून २०२४ पासून बिल्ल्यावांचून जनावराची खरेदी-विक्री करूं नये असा राज्याचा नियम आहे, आणि मदतीच्या वेळींही जनावर तुमचेंच हें सांगणारा तोच साक्षीदार. बिल्ला म्हणजे जप्ती येईल, कर बसेल, ही भीति मनांतून काढा. जनावर मेलें तर पुरण्याआधीं पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवा, शवविच्छेदनाचा दाखला घ्या, मोबाईलवर बिल्ल्यासकट छायाचित्र काढा, ग्राम महसूल अधिकाऱ्यास, म्हणजे आपल्या जुन्या तलाठ्यास, लेखी कळवून पोंच घ्या. देवऋषीकडे जाण्यांत जो दिवस जातो त्याच दिवशीं पुरावा कुजतो. अर्ज भरून देतों म्हणून कोणी दलाल टक्केवारी मागूं लागला तर शाळेंत या. अर्ज आम्ही फुकट भरून देऊं, आणि तुमचीं पोरें पुढच्या वर्षीं स्वतः भरतील.

तिसरें काम गायरानाचें. आपल्या गांवांत गुरचरण किती, गट क्रमांक कोणता, हें सातबाऱ्यावरून उतरून घ्या. गांव नमुना एक-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. ती पाहावयास मागा. दाखवीत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून तुमच्या हातांत आहे. जो आंकडा मिळेल तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. भिंतीवर लिहिलेलें गायरान रातोरात नाहींसें होत नाहीं.

आम्ही मास्तर आहोंत, म्हणून एक गोष्ट शाळेची सांगतों. रान वाळूं लागलें हें आम्हांस हजेरीपत्रकावरून कळतें. आधीं वाड्यावरच्या मुली दिसेनाशा होतात, मग मुलगे. कोणी चाऱ्याचा भारा आणावयास जातें, कोणी धाकट्या भावंडाला धरून बसतें, कोणी वाड्याबरोबर दूर निघून जातें, आणि परत येतें तेव्हां बाराखडी पुसली गेलेली असते. चाऱ्याच्या मदतीचे रुपये म्हणजे नुसता कडबा नव्हे. तितके दिवस एक पोर शाळेंत बसतें, असाही त्याचा अर्थ आहे. जोतीरावांनीं आणि सावित्रीबाईंनीं ज्यांच्यासाठीं शाळा काढल्या, तींच हीं पोरें. गवतावांचून तीं पुन्हां शाळेबाहेर जावींत, हें आपण उघड्या डोळ्यांनीं पाहत बसूं नये.

ग्रामसभा वर्षांतून चार ठरलेल्या दिवशीं असतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उन्हाळ्यांतली १ मेची. त्या दिवशीं प्रत्येक गांवांत दोनच ठराव मांडा. एक, आमच्या गांवच्या गायरानाचें क्षेत्र व त्याची आजची स्थिति. दुसरा, आपत्ती मदतींत चराईच्या नुकसानीचा रकाना हवा. ठरावावर सह्या पुरुषांच्या तितक्याच बायांच्या घ्या. ज्याला सही येत नाहीं त्याला तोंवर सही शिकवा, त्याला दोन संध्याकाळीं पुरतात. पाटी-पेन्सिल आम्ही घेऊन येऊं. ठरावाची एक नक्कल तहसीलदारांस, एक जिल्हाधिकाऱ्यांस, आणि एक या पत्राच्या संपादकांस पाठवा. एका गांवचा कागद टोपलींत जाईल. खेड, मावळ, शिरूर, आंबेगांव मिळून शंभर गांवांचे कागद आले, तर त्यांना टोपली पुरणार नाहीं.

एवढें बोलून आम्ही आपली रजा घेतों.